भांडला तोच उरला

घराण्याची वंशावळ शोधण्याचा छंद माणसाला साधारणपणे निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात जडतो. तोपर्यंत पूर्वजांची आठवण वर्षातून एकदा, पितृपक्षात होते आणि तीही तीन पिढ्यांपुरती. श्राद्धाला बसलेल्या यजमानाला गुरुजी वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे विचारतात. पहिली दोन तो धडाधड सांगतो. तिसऱ्याला तो थोरल्या काकांकडे बघतो, काका स्वयंपाकघराकडे बघतात आणि आतून कुणीतरी "नारायण असेल, नारायण म्हणा" असे सुचवते. पिंड नारायणाला पोचतो. खरा पणजोबा विठ्ठल असला तर त्याने काय करावे, हे विचारण्याची पद्धत नाही.

छंदाचा हेतू विचारला तर संशोधक "पुढच्या पिढीला आपली मुळं कळावीत" असे सांगतो. पुढची पिढी त्या वेळी कानात इअरफोन घालून बसलेली असते. खरा हेतू घराण्यात एखादा सरदार निघावा हा असतो. सरदार नसेल तर किल्लेदार चालतो, किल्लेदारही नसेल तर पेशव्यांच्या मुदपाकखान्यातला कारकून, पण पेशव्यांचाच पाहिजे. घराण्यात एक तलवार होती आणि एक सनद होती, एवढी माहिती प्रत्येक घरात तयार असते. तलवार कोणत्या तरी काकूने बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतलेले असते. सनद पुण्याची असेल तर पानशेतच्या पुरात गेलेली असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात शिरलेल्या पाण्याने जे नेले ते नेलेच. पण त्यानंतरच्या साठ वर्षांत त्या पुरात वाहून गेलेल्या सनदांची संख्या वाढतच राहिली आहे. त्या सगळ्या खऱ्या धरल्या, तर पेशव्यांकडे इनाम द्यायला गावे पुरली नसती, कर्नाटक आणि माळवा धरूनही. विनोदी लेख लिहिणाऱ्यांच्या घराण्यांत तर सरदार सोडाच, सरदाराच्या घोड्याला खरारा करणाराही अद्याप सापडलेला नाही.

शोधाची पहिली पायरी म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे. संशोधक मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू करून, छापील प्रश्नावली घेऊन आत्याबाईंपुढे बसतो.

"आत्या, आपल्या पणजोबांचं नाव काय गं?"

"त्यांना सगळे अप्पा म्हणायचे."

"ते झालं. खरं नाव?"

"आजी त्यांना 'अहो, ऐकलंत का' म्हणायची."

"आणि त्यांच्या वडिलांना?"

"तात्या. पण ते म्हातारपणी. आधी तेही अप्पाच होते."

अप्पा, तात्या, अण्णा, नाना, भाऊ ही जणू घरातली पदे असतात. वरचा गेला की खालच्याला बढती मिळते. बायकांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, मुलांनी बापाचे घ्यायचे नाही आणि शेजाऱ्यांना आडनाव पुरे होते. त्यामुळे माणूस बारशाच्या दिवशी मिळालेले नाव घरात कुणाच्या कानी न पडू देता थेट मृत्यूच्या दाखल्यापर्यंत नेऊ शके. मात्र आत्याबाईंना काहीच आठवत नाही, असे समजणे चूक आहे. धाकट्या चुलत्यांच्या लग्नात मांडवातून कोण उठून गेले, कशावरून गेले, आजीच्या पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या, त्या कोणाकडे जायला हव्या होत्या आणि गेल्या कोणाकडे, तांब्याचा बंब कोणी बैलगाडीत घालून नेला, हे सारे त्या तिथीवारासह सांगतात. ध्वनिमुद्रण तासाचे होते. त्यातून वंशावळीत लिहिण्याजोगे एकही नाव निघत नाही. दाव्यात लावण्याजोगे पुरावे मात्र निघतात.

पुढची अडचण नावांचीच. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे गोविंदाचा हरी, हरीचा गोविंद, गोविंदाचा हरी असे घराणे दीडशे वर्षे दोन नावांवर काढते. गोविंदाला चार मुलगे असतील तर चौघांच्याही घरी थोरला मुलगा गोविंद असतो आणि चारही गोविंद एकाच वाड्यात, एकाच आळीत मोठे होतात. मूल जगत नसेल त्या घरी दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवत, म्हणजे मृत्यूदेवतेला वाटावे की इथे न्यायला काही नाही. मृत्यूदेवता फसली की नाही सांगता येत नाही. संशोधक फसतो, कारण गावच्या एकाच नोंदवहीत त्याला सतरा दगडू भेटतात. जुन्या कागदांत पुष्कळदा आडनावही नसते. "राणू बिन खंडू" एवढेच असते. हा राणू आपला की शेजारच्यांचा, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवायचे.

आडनाव असले तरी बरे असते असे नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही मुळात कामांची नावे. जेवढी गावे, जवळजवळ तेवढे कुलकर्णी. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटलांचा वारसा हक्क १९६२ च्या कायद्याने गेला, आडनावे तेवढी कायमची चिकटली. 'कर' लावणाऱ्यांचे बरे, त्यांना निदान गाव कळते, असा एक समज आहे. नांदगावकरांनी महाराष्ट्रात नांदगावे किती, हे एकदा मोजून पाहावे. त्यातल्या त्यात सुखी म्हणायचे तर कोकण किनाऱ्यावरची बेने इस्रायली कुटुंबे. किहीमवरून केहीमकर, रोह्यावरून रोहेकर, नवगाववरून नवगावकर असा त्यांचा रोखठोक हिशेब आहे. कुटुंब इस्रायलमध्ये जाऊन राहिले तरी आडनाव रायगड जिल्हा सोडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत वंशावळ हा प्रकार मुळातच कंजूष आहे. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी छाटली जाते आणि सून आली की ती कंसात जाते. सासरी नाव बदलल्याने कंसातले नावही अर्धेच खरे. जुन्या वंशावळींत पाच-पाच पिढ्या निव्वळ बापांना मुलगे होत गेलेले दिसतात, आई कुठेच नाही. एकच बाई ठळक अक्षरांत पूर्ण नावानिशी येते. ती म्हणजे निपुत्रिक विधवा, जिने दत्तक घेतला आणि ज्या दत्तकाला दिरांनी हरकत घेतली. ती सरकारात फिर्याद घेऊन गेली, म्हणून तिचे नाव, गाव, वय, नवऱ्याची मिळकत आणि दिरांचे स्वभाव एवढे सारे आज वाचायला मिळते. जावा गुण्यागोविंदाने राहिल्या, त्यांचा मागमूस नाही.

इथपर्यंत आलेला संशोधक आता मोडी शिकायला निघतो. मराठीचा कागदोपत्री कारभार काही शतके मोडीत चालला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवली जाई. तिची तत्त्वे थोडक्यात अशी: आधी कागदभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवायची. बोरू शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्ह हे ज्याला वेळ आहे त्याचे काम. लिहिणाऱ्याची सोय इतकी बारकाईने पाहिल्यावर वाचणाऱ्यासाठी काही शिल्लक राहिले नाही. वर्गात मोडीची छापील मुळाक्षरे येऊ लागली की संशोधकाला आत्मविश्वास येतो आणि तो घरचा कागद बाहेर काढतो. पहिल्या तासात त्याला 'श्री' लागते. दुसऱ्या तासात 'राजश्री' आणि 'गोसावी यांसी' लागते. संध्याकाळपर्यंत शेवटचे 'बहुत काय लिहिणे' लागते. मराठी पत्रव्यवहारात सुरुवात आणि शेवट ठरलेले असल्यामुळे प्रत्येक पत्राचा मायना आणि समाप्ती तो घडाघडा वाचू लागतो. मधला मजकूर राहतो, आणि जे काय लिहिलेले आहे ते नेमके तिथेच असते.

मग तो कागद जाणकाराकडे जातो.

"इथे पूर्वजाला पाचशे रुपये इनाम मिळाल्याचं दिसतंय ना, गुरुजी?"

"पाच शेर आहे ते."

"कशाचे पाच शेर?"

"पुढचं वाळवीने खाल्लंय. पण मिळालेले नाहीत, देणं आहेत."

अलीकडे, २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर, मोडी वाचणाऱ्यांचे दिवस पालटले. जे गृहस्थ इतकी वर्षे घरात "काय त्या किड्या-मुंग्या बघत बसता" असे ऐकून घेत होते, त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. घरच्यांनी त्यांच्या चहात साखर वाढवली, असे म्हणतात.

मोडी आल्यावर दप्तरखाने खुले होतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडात बांधलेले हजारो रुमाल आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यातून निवडक कागद छापले गेले, त्या निवडीचेच ४५ खंड झाले. त्याआधी वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळवत होते. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ सालचा. कागद आहे पण तो देत नाहीत, अशी राजवाड्यांना भेटलेली माणसे अजून नामशेष झालेली नाहीत. संशोधकाच्या स्वतःच्या चुलत घराण्यातच एक तरी असतो. तो कागद वाचत नाही, वाचू देत नाही, विकत नाही आणि गच्चीवरच्या खोलीत उंदरांच्या हवाली करून वर "आमच्याकडे फार मौल्यवान दप्तर आहे" असे सांगतो.

दप्तरखान्यातल्या कागदांचे वाचन करता करता संशोधकाच्या हळूहळू लक्षात येते की इथे पराक्रम कमी आणि तंटे फार आहेत. त्याचे कारण सरळ आहे. शांतपणे शेती केली, वेळेवर सारा भरला, भावाशी गोडीत राहिला आणि अंथरुणात मेला, अशा माणसाचा कागद होण्याचे काही कारणच नाही. कागद होतो तो कर्ज काढल्यावर, सारा थकल्यावर, बांध कोरल्यावर आणि पाटीलकीत भावाने हिस्सा मागितल्यावर. वतनाच्या तंट्यात दोन्ही पक्ष आपापला 'करीना' सादर करीत. करीना म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत: कोणी गाव वसवले, कोणाचा कोण, कोणी कोणाला कसे फसवले. आज अनेक घराण्यांचा सर्वांत जुना इतिहास म्हणून जो दाखवला जातो तो असा फिर्यादीचा कागद असतो. त्यात मूळ पुरुष नेहमी पराक्रमी, त्याचा थोरला मुलगा भोळा आणि धाकट्याची संतती लबाड असते. कारण करीना थोरल्या घरातल्याने लिहिलेला असतो. धाकट्या घरचा करीना सापडला की तीच माणसे गुण बदलून भेटतात.

न्याय गोतसभेपुढे होई, साक्षीदारांच्या निशाण्यांसह महजर, म्हणजे निवाडापत्र, होई, आणि एवढ्यानेही भागले नाही तर दिव्य. रवा-दिव्यात वादीने कढत तेल-तुपाच्या भांड्यातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हात बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचा. हात शाबूत असेल तर वंशावळ खरी. आजचा संशोधक वंशावळीतल्या एका नावावरून समाजमाध्यमावर चुलत भावाशी रात्री दोनपर्यंत भांडतो, पण तेलाचा विषय काढल्यास दोघेही लवकर झोपतील.

खोटे महजर करण्याचा धंदाही जुनाच. तेव्हा बनावट शिक्का लागे, आता माहितीजालावरच्या कुणाच्या तरी वंशवृक्षातली फांदी उचलून आपल्याला जोडली की काम होते. मात्र बनावटगिरी न करताही वंशावळ बिघडू शकते आणि त्याला कालगणना पुरेशी आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. दख्खनी फसली सनात ५९० मिळवायचे. शुहूर सनात ५९९ किंवा ६००. काही कागदांवर राज्याभिषेक शक असतो, तो १६७४ पासून मोजायचा. काहींवर नुसते संवत्सराचे नाव असते आणि संवत्सरे तर दर साठ वर्षांनी तीच फिरून येतात. समजा कागदावर नुसते '११७०' आहे. तो शक धरला तर साल १२४८, म्हणजे देवगिरीला यादव राज्य करीत आहेत. फसली धरला तर साल १७६०, म्हणजे पुढच्या जानेवारीत पानिपत. एका आकड्याच्या वाचनावर पूर्वज पाचशे वर्षे इकडे-तिकडे होतो. काही हस्तलिखित वंशावळींत नातू आजोबांच्या आधी दोन पिढ्या जन्मलेला असतो आणि तरीही घराणे सुरळीत चाललेले दिसते. संशोधकाचा कल अर्थातच १७६० कडे असतो. पानिपतावर ज्यांचा पूर्वज पडला नाही असे घराणे शोधून काढणे, हे वंशशोधातले एक न सुटलेले आव्हान आहे.

दप्तरखान्याने नमवलेला माणूस तीर्थक्षेत्री जातो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. यात्रेकरू आला की आधीच्या नोंदीखाली स्वतःच्या हाताने नाव, गाव, सोबत आलेली माणसे आणि मुलाबाळांची नावे लिहितो.

"गाव?"

"पुणे."

"पुण्याचे सगळेच असतात. मूळ गाव सांगा."

मूळ गाव ठाऊक नसल्यास तिथूनच फोन फिरतात, आत्याबाईंना दुपारच्या झोपेतून उठवले जाते आणि गाव मिळते. मग उपाध्याय मागल्या खोलीत जातात, लाल कापडातली लांबट वही आणतात, पाने उलटतात आणि दप्तरखान्यात वर्षभर न सापडलेला खापरपणजोबा स्वतःच्या सहीनिशी समोर ठेवतात. या क्षणी भल्याभल्यांचा कंठ दाटून येतो. तो दाटलेला असतानाच पुढची ओळ वाचली जाते आणि कळते की खापरपणजोबांनी तीन भावांची नावे लिहिली, चौथ्याचे लिहिलेच नाही. चौथा त्या साली बोलत नव्हता. चौथ्याने वर्षभराने येऊन स्वतंत्र पानावर स्वतःची वेगळी नोंद केली आणि तिथे आधीच्या तिघांना गाळले. दोन्ही पाने आजही नीट वाचता येतात.

वह्यांची ही महती सातासमुद्रापलीकडेही पोचली. अमेरिकेत युटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांनी १८९४ मध्ये वंशशोधासाठी संस्था काढली. आपल्या दिवंगत पूर्वजांनाही बाप्तिस्मा देता यावा म्हणून त्यांना पूर्वजांची नावे हवी असतात. त्यांनी जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म केल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही केल्या आणि असल्या फिल्म ठेवायला ग्रॅनाइटच्या डोंगरात तळघर कोरले. इकडे कोल्हापूर-सोलापूरकडच्या गावांत हेळवी काही वर्षांनी एकदा फेरी करून घराण्याची पिढीवार नावे म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याला डोंगर लागत नाही. पायलीभर ज्वारीच्या जागी अर्धी पायली दिल्यास एखाद-दुसरा पूर्वज त्रोटक होतो, एवढेच.

हौशी संशोधकाहून कितीतरी अधिक मेहनत करणारा दुसरा वर्ग महाराष्ट्रात आहे, आणि त्याला हा छंद मुळीच नको असतो. हा वर्ग म्हणजे बारावी झालेल्या मुलांचे पालक. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद लागतो, सोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. प्रवेशाची मुदत तोंडावर आली की अख्खे घराणे इतिहाससंशोधनाला लागते. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, गावचे कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूचा चौदा नंबरचा नमुना, जुने फेरफार, मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रक, असा शोध चालतो. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसून नुसते 'मुलगा' असते, कारण कोतवाल बारशापर्यंत थांबत नसे. शाळेच्या रजिस्टरात नाव असते, पण जन्मतारीख १ जून असते. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या बेताने वय बसावे म्हणून सगळ्या वर्गाला एकच तारीख दिली. महाराष्ट्राच्या गावागावांतल्या दोन पिढ्या त्यामुळे एकाच दिवशी जन्मल्या. ज्याच्याकडे नेमका हवा तो दाखला असतो, तो माणूस अर्थातच बोलत नसलेला चुलता निघतो.

"काका, आजोबांचा शाळेचा दाखला हवा होता."

"आधी बांधाचं बोल."

प्रवेशाची यादी लागायला आठ दिवस असताना तीस वर्षांचा बांधाचा वाद एका सकाळी मिटतो. पडताळणीच्या नियमांनी मिटवलेल्या भाऊबंदक्यांची गणना कुणी केलेली नाही, पण तंटामुक्तीच्या कामात त्यांचा वाटा मोठा असावा.

गोव्यात शोधाला पासपोर्टची जोड आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट असल्याने आजोबांवरची माया अचानक उफाळून येते. गोव्याचा पुराभिलेख विभाग १५९५ पासूनचा, पण अडचण लेखनाची. पोर्तुगीज लेखनिकाने प्रभूचा 'पोरोबो', शेणवईचा 'सिनाय' आणि कामतांचा 'कामोतिम' केला. एकाच आजोबांचे नाव तीन कागदांत तीन प्रकारे असले की तिन्ही आजोबा एकच आहेत, हे नातवाला सिद्ध करावे लागते. काही नातू आजोबा हयात असताना त्यांच्याशी एवढे बोललेले नसतात.

मॉरिशसच्या मराठी मंडळींचे याच्या उलट आहे. १८३४ पासून तिकडे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले जाऊ लागले, त्यांत कोकणातलीही माणसे होती. त्यांची नोंदणीपुस्तके मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि काहींची छायाचित्रेसुद्धा आहेत. म्हणजे तिकडच्या मराठी माणसाला खापरपणजोबाचा चेहरा मिळू शकतो, गावाचे नाव मात्र गोऱ्या कारकुनाच्या कानाने ऐकलेले. ते उलगडून कुणी डोळ्यांत पाणी घेऊन सिंधुदुर्गातल्या वाडीत पोचतो. ओसरीवरचे गृहस्थ त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि विचारतात, "जमनीत वाटो मागूक इलास काय?"

कागदांना कंटाळलेले शेवटी विज्ञानाकडे वळतात. परदेशी असलेला मुलगा नळी पाठवतो, वडील तीत थुंकतात, काही आठवड्यांनी अहवाल येतो: दक्षिण आशियाई. एवढे त्यांना आरशानेही सांगितले असते. खरा धक्का विज्ञान देत नाही, गणित देते. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, असे दुप्पट करत गेल्यास दहाव्या पिढीत पूर्वज १,०२४ होतात, विसाव्यात १०,४८,५७६ आणि तिसाव्यात १०७ कोटींच्या वर. तिसावी पिढी म्हणजे साधारण ज्ञानेश्वरांचा काळ. तेव्हा साऱ्या जगात एवढी माणसे नव्हती. अर्थात तीच माणसे अनेक फांद्यांवर पुन्हा पुन्हा बसलेली आहेत, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीने आपल्याकडे या बचतीला हातभारच लावला. शिवराज्याभिषेकापर्यंत मागे जायचे तर चौदा पिढ्या, म्हणजे १६,३८४ जागा. त्यांपैकी संशोधक शोधतो फक्त एक, बापाच्या बापाच्या बापाचा सरळ मार्ग. उरलेल्या १६,३८३ जागांवर सरदार असण्याची शक्यता उत्तम आहे. सरदाराचे घोडे पळवणारा असण्याचीही तितकीच. पण त्या कुठल्या ना कुठल्या आईच्या बाजूने येतात, म्हणून कोणी बघत नाही.

या सगळ्याची परिणती म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकात मराठी घराण्यांत ही प्रथा चांगलीच रुजली आणि कपाटातला एक खण अडवणारे जाडजूड ग्रंथ तयार झाले. आधी कुलसंमेलन भरते. तिथे समिती नेमली जाते, अध्यक्षपद सर्वांत वृद्धांना, खजिनदारपद बँकेतून निवृत्त झालेल्यांना आणि काम एकाच माणसाला दिले जाते. छापील तक्ते घरोघर जातात. एक तृतीयांश परत येतात, त्यांतही 'शिक्षण' या रकान्यात 'भरपूर' असे लिहिलेले असते. वृत्तांतात छापली जाणारी चरित्रे वाचली तर सबंध घराण्यात चारशे वर्षांत एकही वाईट माणूस झालेला नाही, असे दिसते. सारे मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक. ज्याने पेढी बुडवली तो 'व्यवसायानिमित्त सांगलीस स्थलांतरित' असतो. ज्याने घरातून पळून जाऊन नाटक कंपनी गाठली तो 'कलेची आवड'. बंबाचा, पाटल्यांचा, बांधाचा उल्लेख कुठेही नसतो. घराण्याची सगळी माहिती ज्या भांडणांतून मिळाली ती भांडणे तेवढी समिती एकमताने गाळते. नवी भांडणे प्रकाशनानंतर आठवडाभरात सुरू होतात. थोरल्या शाखेला बावीस पाने, आम्हाला दीड. जावयाचा फोटो पासपोर्ट आकारात आणि अध्यक्षांच्या नातवाचा पानभर. सर्वांत गंभीर तक्रार दूरध्वनीवर येते.

"तुम्ही मला कैलासवासी छापलंय."

"मुद्रणदोष आहे, दादा. शुद्धिपत्रात घेऊ."

"ते कधी निघणार?"

"पुढच्या संमेलनात."

"तोवर मी काय करू?"

पुढच्या संमेलनात शुद्धिपत्राऐवजी दुसरी आवृत्तीच काढावी, असे ठरते. काळ बदलल्यामुळे तीत मुलींच्या शाखाही द्यायच्या, असा ठराव होतो आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. मग खजिनदार हिशेब करून पानांची संख्या सांगतात आणि टाळ्या थांबतात. प्रत्येक घरामागे वर्गणी ठरते. बहुतेक घरे उत्तरच देत नाहीत, त्यांच्याबद्दल समितीला काही कळत नाही आणि पुढेही कळणार नाही. एका घरातून मात्र नोंदणीकृत डाकेने पत्र येते. पहिल्या आवृत्तीत आपल्या आजोबांच्या दत्तकविधानाचा उल्लेख जाणूनबुजून गाळला गेला, सबब वर्गणी देणार नाही आणि विषय न्यायालयात नेण्याचा हक्क राखून ठेवला आहे, असे त्यात असते. सोबत आजोबांचे पूर्ण नाव, जन्मगाव, दत्तकपत्राची तारीख, चार साक्षीदार, तीन पिढ्यांची वंशावळ आणि खाली ठसठशीत सही. समितीच्या अख्ख्या दप्तरात याच्याइतका बिनचूक कागद दुसरा नसतो. कार्यवाह त्याला भोक पाडून फायलीला लावतात.